मैत्रिणीसाठी कासच्या फुलांचा स्वेटर, मापापासून गळ्यापर्यंत

माझी एक मैत्रीण मेढ्याच्या पुढे एका शाळेवर शिकवायला जाते, साताऱ्याहून रोज स्कूटीवर. डिसेंबरात सकाळी साडेसहाला निघते आणि तिच्याकडे होता तो बाजारातला पातळ स्वेटर, त्यातून वारा सरळ आत जातो. तेव्हा ठरवलं की हिला आपण स्वतः विणून द्यायचा, आणि नुसता साधा नाही, दोन-दोन रंग एकत्र चालवून नक्षी काढतात तसला. गणपती उठले त्या आठवड्यात सुरू केला आणि नाताळच्या सुट्टीआधी तिच्या अंगावर होता. ज्यांना सुलट-उलट विणता येतं, एखादा मफलर किंवा बाळाची टोपी झालीय, पण रंगीत नक्षीचा स्वेटर म्हटलं की हात आखडतो, त्यांच्यासाठी हे सगळं लिहितेय.

आधी माणूस बघा

लोकर आणायला पळू नका. आठवडाभर त्या माणसाकडे नीट बघा. माझी मैत्रीण ओढणी गळ्याला घट्ट गुंडाळते म्हणजे गळा उंच नको. फळ्यावर लिहिताना हात सारखा वर जातो म्हणजे काख फार घट्ट चालणार नाही. स्कूटीवर वारा समोरून लागतो म्हणून बटणांचा नको, पुढून बंदच हवा. आणि अकरा वाजले की साताऱ्यात ऊन चटकायला लागतं, त्यामुळे सगळा अंगभर जाड नक्षीचा केला तर तो दुपारी बॅगेत जाईल आणि हळूहळू कपाटात. दोन रंगांच्या नक्षीत मागून दुसरा धागा धावत असतो म्हणून ते कापड जवळजवळ दुप्पट जाड होतं. मग नक्षी फक्त खांद्याभोवतीच्या गोल भागात ठेवायची, त्याला योक म्हणतात, आणि खालचं अंग आणि बाह्या साध्या एका रंगाच्या. वारा लागतो तिथे छातीला-खांद्याला दुप्पट ऊब, बाकी हलकं. आइसलंडमध्ये असे गोल योकचे स्वेटर घरोघरी विणतात, आणि एका ओळीत दोनच रंग चालवायची पद्धत स्कॉटलंडच्या वरच्या शेटलंड बेटांकडची, फेअर आयल नावाच्या चिमुकल्या बेटावरून तिला नाव पडलंय. पद्धत त्यांची, नक्षी मात्र आपली काढू.

नक्षी कुठून आणायची

आम्ही दोघी दर सप्टेंबरला कासला जातो, त्यामुळे मला शोधावं लागलं नाही. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं पठार, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. पाऊस ओसरायला लागला की त्या कातळावर गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, जांभळट निळी सीतेची आसवं आणि पांढरे गेंद असे थर लागतात. (सीतेची आसवं इतकी नाजूक दिसतात पण ती कीटकभक्षी आहे, बारीक पिशव्यांत किडे पकडते. मैत्रीण दरवर्षी हे मला नव्याने सांगते.) तुमच्या मैत्रिणीचं दुसरं काहीतरी असेल, तिच्या आईच्या खणाच्या चोळीवरची नक्षी, दारातली ठिपक्यांची रांगोळी, काहीही चालेल. ठिपक्यांची रांगोळी आणि विणकामाचा ग्राफ ही सख्खी भावंडं आहेत, ज्यांना मोजून रांगोळी येते त्यांना ग्राफ जड जात नाही.

रंग ठरवताना एक सोपी परीक्षा जरूर करा. सगळे गुंडे शेजारी ठेवून मोबाईलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. फोटोत दोन रंग सारखेच राखाडी दिसले तर विणल्यावरही एकमेकांत बुडणार. माझा मुख्य रंग पावसाळी ढगासारखा गडद करडा आणि त्यावर मी हौसेने गर्द जांभळा घेतला होता, दुकानात सुंदर दिसला, फोटोत तो गायबच झाला. दुसऱ्या दिवशी जाऊन फिकट जांभळा घेतला. तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा मात्र फोटोत स्वच्छ उठून दिसले.

लोकर आणि सुया

आपल्या माण-खटावकडे मेंढरं भरपूर, पण ती लोकर घोंगडीची, राठ. घोंगडी अंगाखाली-अंगावर पिढ्यानपिढ्या टिकते, पण मानेला लागून घालायच्या स्वेटरला ती टोचेल. मी मोती चौकाकडच्या एका दुकानातून ॲक्रिलिकची मऊ लोकर घेतली. वर्धमान, ओसवाल, गंगा ही नावं कुठल्याही लोकरवाल्याकडे ऐकाल. ॲक्रिलिक घेतल्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, शाळेत खडूची धूळ, रस्त्यावर लाल माती, ती बाई स्वेटर आठवड्याला धुणार, मशीनमध्ये टाकणार. ज्याला जपून धुवावं लागतं ते तिला द्यायचंच नाही. ३६ इंच छातीच्या बाईला मुख्य रंगाची ५०० ग्रॅम घ्या आणि नक्षीचे रंग प्रत्येकी ५० ग्रॅम. मुख्य रंगाच्या सगळ्या गुंड्यांच्या लेबलवर लॉट नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघा, नंतर आणलेला गुंडा डोळ्याला तोच दिसतो आणि विणल्यावर पट्टा पडतो.

सुया आपल्याकडे नंबरावर मिळतात आणि नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे नवीन माणसाला उलटं वाटतं म्हणून सांगते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, ७ नंबर म्हणजे साडेचार. बॉर्डरला १०, अंगाला ८, नक्षीला ७. तिन्ही गोल सुया घ्या, म्हणजे मधे वायर असलेल्या, कारण हा स्वेटर नळीसारखा गोल विणायचाय, बाजूच्या शिवणी नाहीत. बाह्यांसाठी मोजे विणायच्या दोन्ही टोकांच्या सुयांचा सेट लागतो.

टेन्शन, आणि हे टाळू नका

विणकामातलं टेन्शन म्हणजे तुमच्या हाताने एका इंचात किती टाके बसतात ते. प्रत्येकीचा हात वेगळा. मी जे आकडे देणार आहे ते ४ इंचात २२ टाके आणि २८ ओळी या हिशोबाने आहेत, म्हणजे इंचाला साडेपाच टाके आणि सात ओळी. समजा तुमचा हात घट्ट आहे आणि ४ इंचात २४ बसले, तर २२० टाक्यांचा जो स्वेटर ४० इंच व्हायचा तो पावणेसदतीस इंच होईल. ३६ इंच छातीवर पावणेसदतीस म्हणजे आतल्या कुर्त्यासकट चढणारच नाही. दोन टाक्यांच्या फरकाने एवढं होतं.

म्हणून दोन छोटे तुकडे विणा, एक साधा आणि एक नक्षीचा, साधारण ३२ टाक्यांचे, धुवा, पसरून वाळवा आणि मग मोजपट्टी लावा. तुकडासुद्धा सगळा सुलटच विणायचा, कारण गोल विणताना उलट ओळ येतच नाही आणि बहुतेकांचा उलट टाका सैल किंवा घट्ट पडतो. ओळ संपली की धागा मागून सैल ओढत परत सुरुवातीला यायचं, मागे लोंबणारे धागे दिसतील, दिसू देत. नक्षीचा तुकडा नेहमी साध्यापेक्षा आखडतो, म्हणूनच नक्षीला एक नंबर जाड सुई सांगितली. दोन्ही तुकडे सारखे मोजले गेले की मगच पुढे.

मापं

तिला सरप्राइज द्यायचं असेल तर तिचा एखादा आवडता सैलसर स्वेटर किंवा कुर्ता मागून आणा, पलंगावर पसरून काखेखाली आडवा मोजा आणि दुप्पट करा. अंगावर मोजण्यापेक्षा हेच बरं, कारण तिला कपडा किती सैल आवडतो ते त्यात आपोआप येतं. माझ्या मैत्रिणीचा ४० इंच आला. काखेपर्यंत अंगाची लांबी १४ आणि काखेपासून मनगटापर्यंत बाही १७.

आता गणित. एलिझाबेथ झिमरमन नावाच्या अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकाम शिकवणाऱ्या बाईंनी टक्केवारीची एक पद्धत बसवून दिलीय आणि नवशिक्यांना इतकी सोपी पद्धत मी दुसरी पाहिली नाही. छातीचे टाके म्हणजे १०० टक्के. ४० गुणिले साडेपाच, २२० टाके. मनगट २० टक्के म्हणजे ४४. बाहीचा दंड साधारण ३५ टक्के म्हणजे ७७, मी सम आकडा हवा म्हणून ७८ केला. काखेत बाजूला ठेवायचे टाके ८ टक्के म्हणजे १८. गळा ४० टक्के म्हणजे ८८. एवढे पाच आकडे वहीत लिहून ठेवा, सगळा स्वेटर त्यावर उभा आहे.

अंग आणि बाह्या

१० नंबरवर २०० टाके घाला, गोल जोडा, जोडताना टाके सुईभोवती पिळलेले नाहीत ना ते दोनदा बघा कारण पिळ बसला तर सगळं उसवावं लागतं, दुसरा इलाज नाही. एक सुलट एक उलट अशी अडीच इंच बॉर्डर. मग ८ नंबरवर या आणि पहिल्याच फेरीत दर १० टाक्यांनंतर एक टाका वाढवा, २२० होतील. आता नुसतं सुलट, गोल गोल, एकूण १४ इंच होईपर्यंत. हे काम गप्पा मारत, टीव्हीसमोर, एसटीच्या प्रवासात होतं.

बाही ४४ टाक्यांवर सुरू, अडीच इंच बॉर्डर, मग दर पाचव्या फेरीला सुरुवातीला एक आणि शेवटी एक टाका वाढवत जा, सतरा वेळा वाढवलं की ७८. मग साधं विणत १७ इंचाला थांबा. दुसरी बाही लगेच सुरू करा, चार दिवस मधे गेले की हात बदलतो.

सगळं एका सुईवर

अंगाच्या दोन्ही बाजूंना १८-१८ टाके वेगळ्या रंगाच्या दोऱ्यात ओवून बाजूला ठेवा, प्रत्येक बाहीचेही १८. उरले पुढचे ९२, पाठीचे ९२, बाह्यांचे ६०-६०. एक बाही, पुढचा भाग, दुसरी बाही, पाठ असं एकाच गोल सुईवर विणून घ्या. एकूण ३०४ टाके. फेरीची सुरुवात पाठीच्या डाव्या खांद्यापाशी ठेवा, कारण तिथे नक्षीत एक ओळ वरखाली झाल्याची बारीक पायरी दिसते, ती मागे केसांखाली लपते.

नक्षीच्या आधी पाठ थोडी उंच करायची, नाहीतर गळा समोरून घशाला लागतो. पाठीचे टाके विणत जा, शेवटचे सहा टाके बाकी ठेवून धागा पुढच्या टाक्याभोवती गुंडाळा आणि वळा, उलट विणत परत या, त्या टोकालाही सहा बाकी ठेवून वळा, मग प्रत्येक वेळी आणखी सहा आधी. सहा वेळा वळलं की पाऊण इंचाच्या वर उंची मिळते. पुढच्या फेरीत गुंडाळलेले धागे त्या-त्या टाक्यासोबत विणून टाका.

ग्राफ

वहीच्या चौकोनात फूल काढलं की ते चौकोनात छान गोल दिसतं आणि विणल्यावर बसकं होतं, कारण टाका रुंद जास्त आणि उंच कमी असतो. आपल्या टेन्शनला सात टाके आणि नऊ ओळी मिळून जवळपास चौरस होतात, दोन्हीकडून सव्वा इंचाच्या आसपास. म्हणून माझा तेरडा सात टाके रुंद आणि नऊ फेऱ्या उंच आहे, शेजारी एक टाका करडा मोकळा, म्हणजे एकूण आठ. ३०४ भागिले ८ बरोबर ३८, योकभर ३८ फुलं, एकही अर्धं नाही. हा भागाकार जुळत नसेल तर विणायला बसू नका, दोन-चार टाके कमीजास्त करून आधी जुळवा.

तेरडा असा, क म्हणजे करडा आणि ग म्हणजे गुलाबी:

पहिली फेरी: ३ क, १ ग, ४ क
दुसरी: २ क, ३ ग, ३ क
तिसरी: १ क, २ ग, १ क, २ ग, २ क
चौथी: २ ग, ३ क, २ ग, १ क
पाचवी: १ ग, २ क, १ ग, २ क, १ ग, १ क
सहावी चौथीसारखी, सातवी तिसरीसारखी, आठवी दुसरीसारखी, नववी पहिलीसारखी.

योकच्या ६३ फेऱ्या म्हणजे ९ इंच, त्या मी अशा वाटल्या. चार साध्या, मग पाच ते तेरा तेरडा. सतरापासून सीतेची आसवं, एक जांभळा तीन करडे असे ठिपके दोन फेऱ्या, तीन साध्या, मग तेच ठिपके दोन टाके सरकवून. एकतिसावी फेरी साधी करडी आणि तीत दोन सुलट, दोन एकत्र, असं सगळीकडे, ३०४ चे २२८ झाले. आता आठाच्या जागी सहा टाके, म्हणून चौतिसाव्या फेरीपासून सोनकी पाच टाके रुंद, सात फेऱ्यांची, तीही ३८ च. शेहेचाळीसाव्या फेरीत एक सुलट, दोन एकत्र, १५२ उरले, म्हणजे फुलाला चार टाके. तिथे पांढरे गेंद, चारात एक ठिपका, एकाआड एक सरकवलेले. अठ्ठावनाव्या फेरीत परत दोन सुलट, दोन एकत्र, ११४. म्हणजे खाली मोठी फुलं आणि वर जाताना बारीक होत जातात, पठारावर उभं राहून लांब बघितलं की दिसतात तशी. टाके कमी करायची फेरी नेहमी एका रंगाची ठेवा, नक्षीच्या मधे कमी केलं की फूल मोडतं.

दोन धागे

इथे माझे आठ दिवस गेले म्हणून जरा थांबून सांगते. गुलाबी टाका विणला, मग पाच करडे, मग परत गुलाबी, तर तो गुलाबी धागा मागून पाच टाक्यांच्या पाठीवरून येतो. तो ओढला की पुढचं कापड चुण्या पडून आकसतं. मी तेरड्याच्या नऊ आणि पुढच्या तीन अशा बारा फेऱ्या घट्ट विणल्या होत्या, खांद्यावर लावून बघितलं तर योक हाताला ताणतच नव्हता, सगळं उसवलं. उपाय असा, रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे नुकते विणलेले टाके बोटांनी पसरून सपाट करा, त्या पसरलेल्या अंतरावर मागचा धागा नुसता ठेवा, मग पुढचा टाका. मागचा धागा जरा सैल दिसला तर घाबरू नका, धुतल्यावर बसतो, घट्ट मात्र कधीच सैल होत नाही.

पाच टाक्यांपेक्षा लांब जायचं असेल तर मधे एकदा दुसऱ्या धाग्याखालून अडकवून घ्या. तेरड्याच्या पहिल्या आणि नवव्या फेरीत गुलाबी सात टाके धावतो, तिथे हे लागतं, नाहीतर घालताना तिचं बोट, अंगठी त्यात अडकणार. अडकवायची जागा प्रत्येक फुलात एकाच टाक्यावर घेऊ नका, पुढून बारीक रेघ दिसते.

आणि फुलाचा धागा कायम खालून घ्या, करडा कायम वरून. खालून येणाऱ्या धाग्याचा टाका किंचित मोठा पडतो आणि रंग पुढे येतो. मधेच अदलाबदल झाली तर अर्धी फुलं ठसठशीत आणि अर्धी फिकट दिसतात. मी करड्याचा गुंडा उजवीकडे आणि रंगाचा डावीकडे ठेवून बसायचे, जागा बदलायची नाही, त्यामुळे धागे एकमेकांत गुंततही नाहीत.

दर फेरीला फुलं मोजायची गरज नाही, फक्त खालच्या ओळीवर नजर ठेवा, मधला ठिपका खालच्या ठिपक्याच्या बरोबर वर आला ना. चूक त्याच फेरीत सापडते.

गळा आणि शेवटची कामं

एकसष्टाव्या-बासष्टाव्या फेरीत ११४ मधले २६ टाके सारख्या अंतराने कमी करा, ८८ राहतील. १० नंबरवर एक सुलट एक उलट, इंचभर. टाके बंद करताना मात्र ७ नंबरची सुई घ्या आणि सैल बंद करा, गळा सोळा इंचाचा आणि डोकं बावीस इंचाचं, ताणला गेला पाहिजे. बंद केल्यावर स्वतःच्या डोक्यातून घालून बघा.

काखेतले अंगाचे १८ आणि बाहीचे १८ दोन सुयांवर घ्या, आतून, आणि तिसऱ्या सुईने दोन्हीकडचा एक-एक टाका एकत्र विणत बंद करा. दोन्ही कोपऱ्यांत छोटं भोक राहतं, तिथल्या धाग्याच्या टोकानेच टाचून टाका. बाकीची टोकं आतून त्याच रंगाच्या टाक्यांत दोन इंच ओवून कापा.

कोमट पाण्यात शॅम्पू घालून धुवा, टॉवेलात गुंडाळून दाबा, पिळू नका, आणि चादरीवर हाताने आकार देऊन सावलीत वाळवा. ॲक्रिलिकवर इस्त्री किंवा वाफ लावू नका, लोकर मेल्यासारखी लोळागोळा होते आणि परत कधी उभी राहत नाही.

देताना मी पाचही रंगांचा थोडा थोडा धागा एका पुडीत गुंडाळून सोबत दिला, कोपर विरलं तर लागेल म्हणून. तिने स्वेटर उलटा करून आधी आतली बाजू बघितली, धाग्यांवरून हात फिरवला, आणि सोनकी कुठली ते मला न विचारता दाखवलं.